नाना, काचेतलं पाणी हलत नव्हतं

नाना,

पहिली पाळी करून दोन वाजता सुटलो, घरी आलो, हातपाय धुतले आणि ताटावर न बसता हे लिहायला बसलो. बायको म्हणाली, "आधी दोन घास खाऊन घ्या." मी म्हटलं, "नंतर." तिने ताट झाकून ठेवलं आणि गेली. अंग मोडून आलंय. काम रोजचंच आहे, बॉयलर तोच, भुशाच्या कांड्या त्याच, पण अकरा दिवस झाले, दुपारपर्यंत जीव गळून जातो. झोप लागत नाही असं नाही. लागते. उठल्यावर वाटतं झोपलोच नव्हतो.

काल धुळ्याला जाऊन आलो, तुमच्या दशक्रियेला. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न असता, "कितला वाजता पोचना?" म्हणून सांगतो. साडेआठची जळगावहून गाडी, एरंडोलला दहा मिनिटं थांबली, पारोळ्याला पंधरा, अकराला पाच कमी असताना तुमच्या दारात. पांझरेवरचा विधी तोवर आटोपला होता. माणसं घरी परत आली होती. तुमचा फोटो लावलाय, निवृत्तीच्या दिवशीचा, शाल घातलेला. त्या फोटोत तुम्ही फार गरीब दिसता. मला तुमचं ते रूप कधी बघायला मिळालं नाही.

माझ्या वाट्याला जे आलं ते कानात पेन खोचलेलं, खांद्यावर काळा पडलेला पंचा टाकलेलं. कारखान्यात मी नवा होतो, परीक्षा पास होऊन आलो होतो, खिशात सर्टिफिकेट होतं. बॉयलर अटेंडंट म्हणून पहिल्या दिवशी मी रुबाबात सांगितलं, "नाना, पाण्याची पातळी बरोबर आहे." तुम्ही विचारलं, "तुले कसं मालूम?" मी बोट दाखवलं. बॉयलरच्या अंगावर जी उभी काच असते, आत किती पाणी आहे ते दाखवणारी, ती अर्धी भरलेली दिसत होती. तुम्ही खालचा कॉक उघडलात. काचेतलं पाणी वाफेसकट फर्रकन खाली गेलं. कॉक बंद केलात आणि माझ्याकडे बघत राहिलात. पाणी टुणकन परत वर आलं आणि जरा थरथरत उभं राहिलं.

"आते तुले मालूम," तुम्ही म्हणालात. "आधी फक्त दिसत व्हतं."

मी वरणगावकडचा. तुमची अहिराणी मला तेव्हा निम्मी कळायची, निम्मी अंदाजाने घ्यायची. पण एवढं कळलं की काच तुंबली असेल तर ती जुनंच पाणी दाखवत राहते, आत पाणी उरलेलं असो की नसो. ती उडवायची, म्हणजे कॉक उघडून रिकामी करायची, आणि परत भरते का ते पाहायचं. आणि चांगल्या काचेतलं पाणी कधी अगदी निश्चल नसतं, थोडं हलतंच. शांत दिसलं की माणसाने घाबरायचं. हे कुठल्याशा पुस्तकात होतंही, परीक्षेत मी लिहिलंही होतं. कळलं त्या दिवशी.

पुढे तुम्ही मला बोलायला शिकवलंत. हसू नका, खरंच. मला वाटायचं बोलता कोणाला येत नाही? पाळी बदलताना मी सांगायचो, "सगळं ठीक आहे, नाना." तुम्ही बाकावर बसून चहा फुंकत राहायचात. जणू कुणी काही बोललंच नाही. दुसऱ्यांदा सांगितलं की म्हणायचात, "ठीक कितलं?" मग मी प्रेशरचा आकडा सांगायचो, पंपाचा आवाज सांगायचो, कुठल्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतोय ते सांगायचो. मग तुम्ही ते सगळं माझ्या तोंडावर परत म्हणून दाखवायचात, माझ्याच शब्दांत, शाळेत पाढे म्हणतात तसे. मला लाज वाटायची. दोन मोठी माणसं एकमेकांना तेच तेच सांगतायत. मी एकदा विचारलंच, "नुसतं हो म्हटलं तर चालत नाही का?" तुम्ही म्हणालात, "हो तं बहिरा बी म्हनस."

आणि रजिस्टर. दर तासाला आकडे लिहायचे, आणि ज्या तासाला पाहिलं नाही त्या तासापुढे लिहायचं, "पाहिले नाही." त्यात कमीपणा नाही, असं तुम्ही सांगायचात. पाहिलं नाही हेसुद्धा पुढच्या माणसाला उपयोगी पडतं. खोटं "ठीक" कोणालाच पडत नाही.

हे सगळं मी घरी नेलं, तुम्हाला ठाऊक आहे. पोरगी दहावीला होती तेव्हा मी रोज विचारायचो, "अभ्यास झाला?" ती म्हणायची, "झाला." तुम्ही ऐकून म्हणालात, असं विचारशील तर असंच उत्तर मिळेल; आज कुठलं गणित अडलं ते विचार. विचारलं. पोरगी रडायलाच लागली. चार महिन्यांपासून बीजगणित डोक्यावरून जात होतं आणि आम्ही दोघं रोज "झाला का, झाला" करत होतो. बायकोचंही तसंच. तिचं "काही नाही" म्हणजे काय काय असतं ते मला लग्नानंतर दहा वर्षांनी तुमच्यामुळे विचारायला सुचलं. ते आजही सगळं कळलेलं नाही, पण विचारतो.

आता भांडणावर येतो. ते टाळून पुढे गेलो तर तुम्हाला आवडणार नाही.

त्या दुपारी दोनला तुमची पाळी लागायची होती. मी अकरा, बारा आणि एकचे आकडे पावणेदोनला एका दमात लिहून टाकले होते. मी त्या वेळात कॅन्टीनला बसून नव्या मोबाईलमध्ये गाणी भरून घेत होतो. ठीक, ठीक, ठीक. तुम्ही आलात, काचेकडे पाहिलंत, कॉक उघडलात आणि पाणी परत आलं ते रांगत रांगत आलं. काच तुंबली होती. बॉयलरला काचा दोन असतात; दुसऱ्या काचेत पाणी खाली गेलेलं होतं, अजून दिसत होतं म्हणून निभावलं. तुम्ही पंप चालू केलात, उभं राहून पातळी आणलीत, मग कानातलं पेन काढलंत आणि माझ्या रकान्यात माझ्या तीन "ठीक"वर आडवी रेघ मारून लिहिलंत, "पाहिलेले नाही." खाली सही.

रजिस्टर साहेबाकडे गेलं. मला मेमो मिळाला. माझी पक्की ऑर्डर त्या महिन्यात निघायची होती, ती वर्षभर लांबली. नाना, त्या वर्षी मी तुमच्याशी पाळीच्या शब्दांपलीकडे एक अक्षर बोललो नाही. प्रेशर एवढं, पंप दोन नंबरचा, येतो. तुम्हीही परत म्हणून दाखवायचात आणि बसायचात. अक्कांनी, तुमच्या बायकोने, दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तुम्ही डब्यातून अर्धी मोडून बाकावर माझ्या बाजूला ठेवायचात. मी ती कधी उचलली नाही. तुम्हीही परत डब्यात टाकली नाही. ती कोण खायचं मला माहीत नाही.

वर्षाने ऑर्डर निघाली त्या दिवशी मीच तोंड उघडलं. "नाना, लिहिण्याआधी मला एकदा सांगायचं होतं. एवढा राग होता तर तोंडावर बोलायचं होतं."

तुम्ही म्हणालात, "तुले तीनदाव सांगं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"काच आज मोठी शांत दिसस, असं म्हनं व्हतं. सोमवारे. मंगयवारे. आनि बुधवारे."

मला आठवलं. तुम्ही खरंच म्हणाला होतात. मी समजलो होतो की तुम्ही सहज बोलताय, हवेबद्दल बोलतात तसं.

"हे सांगणं नाही, नाना. हे सुचवणं झालं."

"शहाण्याला शब्दाचा मार," तुम्ही शुद्ध मराठीत म्हणालात. म्हण आली की तुम्ही शुद्ध मराठीत जायचात.

"आणि माझ्यासारख्याला?"

तुम्ही हसलात. मी हसलो नाही, पण भाकर उचलली.

तो वाद तिथे मिटला नाही. पुढे इतकी वर्षं तो आपण खेळवत ठेवला. तुम्ही निवृत्त झालात, धुळ्याला घरी गेलात, आणि दर रविवारी संध्याकाळी माझा फोन. कधी तुम्ही काही मोघम बोललात की मी विचारायचो, "सांगताय की सुचवताय?" आणि तुम्ही मला दोन शेलक्या शिव्या घालायचात. मी "येईन कधीतरी" म्हटलं की तुमचं ठरलेलं असायचं, "कधीतरी नावना वार नही शे. वार सांग. येळ सांग. नही तं येस म्हनू नको." तुमचं येस म्हणजे माझं येतो. मग मी वार सांगायचो, वेळ सांगायचो आणि यायचो. ज्याचा वार सांगितला त्या वारी मी एकदाही चुकलो नाही. हे मी स्वतःला आता पुन्हा पुन्हा सांगतोय.

कारण त्या शेवटच्या रविवारी तुम्ही वार विचारला नाहीत.

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "काय नाना, कसं काय?" तुम्ही म्हणालात, "बठ्ठं बराबर शे. तू तुनं काम देख." आवाज एकदम सरळ. कुठे खोकला नाही, शिवी नाही, साहेब बदलला का अशी चौकशी नाही. मी नव्या पंपाचं रडगाणं गायलो, बरंच गायलो, तुम्ही ऐकलंत. मध्ये एकदाही "ठीक कितलं?" नाही. आणि ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "जमनं तं एखादा दिन येई जाजो."

मी म्हटलं, "हो हो."

तुम्ही ठेवून दिलात.

"बठ्ठं बराबर." सगळं ठीक. हे तुम्ही कोणाला सांगितलंत? मला. ज्याला तुम्ही "ठीक" म्हटलं तर चहा फुंकत बसायचात, त्याला. आणि मी ते घेतलं. आकडा विचारला नाही, परत म्हणून दाखवलं नाही, बहिऱ्यासारखं "हो हो" केलं आणि जेवायला बसलो. पाणी हलत नव्हतं, नाना. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर माझं पोट चाललं ती मला फोनवर दिसली नाही. गुरुवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तुम्हाला घेऊन गेले होते.

तुमच्यावर रागही आहे. लपवत नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी काय करू? जन्मभर दुसऱ्याला वार सांग, वेळ सांग, आकडा सांग. आणि स्वतःवर आलं की "जमलं तर". "संजू, छातीत भरून येतंय, ये" एवढे पाच शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. निघाले असते तर मी त्याच रात्री मिळेल त्या गाडीने आलो असतो, दवाखान्यात नेलं असतं, पुढचं पुढे. कदाचित काहीच बदललं नसतं. ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही तिथे मी "ठीक" लिहिणार नाही. पाहिलं नाही, एवढंच लिहितो.

काल दुपारी माणसं पांगली. तुमचा मुलगा मंगळवारच्या तेराव्याच्या सामानासाठी बाजारात गेला होता. ओट्यावर तुमच्या भाऊबंदांतले दोन म्हातारे बसले होते. अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसलो. दुःखाच्या घरी काय बोलायचं ते मला येत नाही. सकाळपासून जो येतोय तो विचारत होता, "कसं झालं?" आणि त्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या, पाठ झाल्यासारखं. मी ते विचारलं नाही. विचारलं, "अक्का, काही खाल्लं का?"

"खादं ना रे भो."

मी उठणारच होतो, नाना. चप्पल कुठे काढली ते आठवत होतो. गुडघ्यावर हात ठेवून अर्धा उठलो होतो. मग परत बसलो.

"काय खाल्लं?"

त्यांनी पदर सावरला. पंख्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा."

"किती?"

"अर्धा कप. सकायले."

दुपारचे तीन वाजले होते. मी स्वयंपाकघरात गेलो, शेजारच्यांनी आणून दिलेली खिचडी झाकून होती, ती ताटलीत घेतली आणि समोर ठेवली. त्यांनी चार घास खाल्ले. मी मोजले. खाता खाता त्या आपणहून बोलायला लागल्या. तीन हप्ते झाले होते म्हणे, तुम्ही जिना चढताना मध्येच बसायचात. त्यांना म्हणायचात, "ऊनना तरास शे." मुलाला सांगू दिलं नाहीत, तो पुण्याहून उगाच पळत येईल म्हणून.

"मी म्हनं, संजूले तरी बलाई ल्या. त्या म्हननात..." अक्कांनी ताटली खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. "त्या म्हननात, मी सांगं त्याले. येई तो."

मी सांगं त्याले.

नाना, मला हसू आलं आणि रडूही आलं, तुमच्या बायकोसमोर, खिचडीच्या ताटलीसमोर. म्हणजे तुमच्या मते तुम्ही सांगितलं होतंत. काच मोठी शांत दिसते, असंच. तुम्ही वाट बघत होतात. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. मी समजणारा आहे असं धरून चालला होतात. इतक्या वर्षांच्या वादात तुम्ही मला एवढा शहाणा मानत होतात हे मला कधी कळलं नाही. कळलं असतं तर मीच तुम्हाला सांगितलं असतं की नाही हो नाना, मी तसा नाही, मला शब्द लागतात.

वाद कोण जिंकलं ते सांगू? तुम्ही सुचवलंत, सांगितलं नाहीत. मी जिंकलो. आणि काच पुढ्यात असून मी ती उडवून पाहिली नाही. तुम्ही जिंकलात. दोन्ही खरं आहे, आणि मला आता दोन्हीचा कंटाळा आलाय. मला फक्त आज, रविवारी, संध्याकाळी फोन उचलून दोन शिव्या हव्यात, आणि त्या मिळायच्या नाहीत.

तरी एक गोष्ट राहून गेली ती इथे लिहितो, कारण मीही तुम्हाला ती कधी सरळ सांगितली नाही, सुचवत राहिलो. त्या तीन ओळींवर रेघ मारलीत ते बरं केलंत. त्यानंतर आजपर्यंत मी न पाहिलेला एकही आकडा लिहिलेला नाही. आज माझ्या हाताखाली जे शिकतायत त्यांना मी "ठीक कितलं?" विचारतो, तुमच्याच बोलीत. तुम्ही मला वाचवलंत आणि मी वर्षभर तुमची भाकर उचलली नाही. माफ करा.

चारची गाडी धरायची होती. मी उठलो. दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, मुकाट्याने उठून जायचं असतं. माझ्या आईने लहानपणी शिकवलं होतं. मी मुकाट्याने चप्पल घातली. दारापर्यंत गेलो. अक्का उंबऱ्याशी आल्या होत्या. मुलगा-सून शुक्रवारी पुण्याला जाणार, त्यांना घेऊन जायचं म्हणत होते, त्या इतक्यात नको म्हणाल्या होत्या. मंगळवारी तेराव्याला घर पुन्हा भरेल. त्यानंतरच्या रविवारी या घरात कोण असेल, हा हिशेब माझ्या डोक्यात तिथे उंबऱ्यावर झाला.

मी वळलो. "अक्का, येतो."

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने चमकून वर पाहिलं. दुसरा पुटपुटला, "असं म्हनतस नही, भो." मला कळत होतं. पण जमलं तर नाही, कधीतरी नाही. मी पुन्हा म्हटलं, नीट, अक्कांच्या डोळ्यांत बघून.

"तेराव्यानंतरच्या रविवारी येतो. साडेआठच्या गाडीने. अकराला दारात. जेवायला."

मला वाटलं, आता नुसत्या मान हलवतील. पण त्यांनी इतकी वर्षं तुमच्यासोबत संसार केलाय, नाना. त्यांनी दाराची चौकट धरली, घसा साफ केला आणि म्हणाल्या,

"ऐतवारले. साडेआठनी गाडी. अकरा. जेवाले."